‘पुढे चला’वरचे खोटे शिक्के

बडबडीने तीन दिवसांत एकही विनोद केला नव्हता, आणि आईच्या मनातून ते काही केल्या जात नव्हतं.

फोन रोज येत होता, रोजच्याच वेळेला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं मग ठेवते. बस्स. जिचा फोन संपवायला आईला एरवी ‘अगं, दूध उतू जातंय’ अशी थाप मारावी लागायची, तीच पोरगी आता आपणहून फोन ठेवत होती. काल आईने मुद्दाम सांगितलं, की शेजारच्यांच्या मांजरीने आपल्या गच्चीवरच्या जुन्या गादीत पिल्लं घातलीत. या एका बातमीवर बडबडीने सहज अर्धा तास काढला असता. काल म्हणाली, “असू दे.” मग जरा थांबून म्हणाली, “आई, मी ते पान बंद करणारेय बहुतेक. कंटाळा आला.”

कंटाळा हा शब्द छत्तीस वर्षांत तिच्या तोंडून आईने ऐकला नव्हता. रात्रभर तो कानात राहिला. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी, की इंटरनेटवरचं तिचं ते पान कोणामुळे बुडालं हे बडबडीला ठाऊक नव्हतं. आईला होतं.

बडबडी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तीन वर्षांची होईपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती. आईने डॉक्टरांचे उंबरे झिजवले, कोणी घसा बघितला, कोणी कान. बाबा बसवर कंडक्टर होते. दिवसभर ‘पुढे चला, पुढे चला, दारात थांबू नका’ करून संध्याकाळी त्यांचाच आवाज बसलेला असायचा, त्यामुळे घरात बोलणारी अशी एकटी आईच. एका संध्याकाळी ते दारात बूट काढत होते. पोरगी समोर येऊन उभी राहिली, हात पुढे केला आणि स्वच्छ म्हणाली, “तिकीट.” बाबांनी खरंच खिशातून एक काढून दिलं. त्यानंतर जे तोंड सुटलं ते सुटलंच, आणि नाव पडलं बडबडी.

मोठी होऊन ती स्पीच थेरपिस्ट झाली, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. धाकटा भाऊ म्हणायचा, “ताई आधी लोकांना बोलायला शिकवणार आणि मग त्यांना मध्येच तोडून स्वतः बोलणार.” एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा तिचा विभाग होता. एकीत आरसा, एकीत खेळणी. ती खूश होती.

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. राहिले फक्त दोन. चहा हवा असला की “पुढे चला.” आई खोलीतून बाहेर गेली की “पुढे चला.” तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी घाईघाईने तेच सांगितलं. ते बिचारे खरंच दोन पावलं पुढे सरकले, आणि त्या खोलीत आठवड्याभरात पहिल्यांदा सगळे हसले. बाबाही. बडबडीने समजावलं, की असं होतं. शब्द पुसले जातात, पण वर्षानुवर्षं तोंडात मुरलेलं एखादं वाक्य मागे उरतं.

तिने घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले. कप, चप्पल, उशी, खिडकी. प्रत्येक फोटोखाली स्वतःच्या आवाजात तो शब्द, आधी सावकाश, मग तोडून, मग पुन्हा अख्खा. फोनवर डाव्या अंगठ्याने दाबता येईल असं केलं. बाबा दिवसभर दाबत बसायचे. सातव्या महिन्यात एका दुपारी ते पडद्याकडे बघून म्हणाले, “खिडकी.” बडबडीने ते लगेच रेकॉर्ड केलं. अजूनही त्या फोटोवर दाबलं, की तिच्या आवाजानंतर त्यांचा येतो. जाड, घसरलेला, पण खिडकीच.

दुसऱ्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून तिने ते सगळं इंटरनेटवर टाकलं. पानाचं नाव ‘पुढे चला’. बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. जाताना त्यांच्याजवळ साठेक शब्द होते.

पान मात्र वाढत गेलं. कुठल्या कुठल्या गावांतून लोक येऊ लागले. हॉस्पिटलने तो दोन खोल्यांचा विभाग गुंडाळला, तेव्हा बडबडीने अर्ध्या दिवसाची नोकरी धरली आणि उरलेला अर्धा दिवस पानाला दिला. आता पानाने आपलं पोट आपण भरायला हवं होतं. ज्या घरातला कमावता माणूस मुका होऊन बसलाय त्या घराकडे पैसे कसे मागणार? म्हणून तिने जाहिराती घेतल्या. एका कोपऱ्यात, छोट्याशा.

कोपरा कुणाला पुरलाय? दोन महिन्यांत तिथे एक तेल आलं. पक्षाघातावर एकवीस दिवसांत गुण. कोणती जाहिरात कुठे लागणार हे बडबडीच्या हातात नव्हतं, ते कुठलंसं मशीन ठरवायचं, आणि मशीनला एवढंच कळायचं की इथे पक्षाघाताची माणसं येतात. एका पेशंटच्या बायकोने ते तेल मागवलं आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. अकरा दिवस. थोडक्यात निभावलं. “तुमच्याच पानावर होतं ना,” ती बडबडीला म्हणाली, तक्रार म्हणूनही नव्हे, अगदी साधेपणाने. बडबडीला दोन दिवस घास गिळवेना. तिने औषधाच्या नावाखाली येणारं सगळं बंद केलं. पण पैसे देणारे नेमके तेच होते. उरल्या गाद्या, बूट आणि विमा.

याच सुमाराला जेवणाच्या टेबलावर भावंडांची जुंपली. धाकटा कंप्युटरमधला. त्याने आईच्या मशीनवर एक नवा ब्राउझर घालून दिला होता, जाहिराती अडवणारा. बडबडीने तो पाहिला आणि हातातला चमचा ठेवला. तिचं म्हणणं, की मी दुकान थाटते, तू गिऱ्हाइकाला मागच्या दाराने फुकट आत सोडतोस. धाकट्याचं म्हणणं, की ब्राउझरवाल्यांकडे त्यालाही उपाय आहे. ते स्वतःच्या दोन साध्या जाहिराती दाखवतात, बघणाऱ्याला त्याचे पॉइंट मिळतात, ते त्याने आवडत्या पानाला द्यावेत. पाळत नाही, काही नाही.

“वा,” बडबडी म्हणाली. “माझ्या दारावरची पाटी उतरवायची, स्वतःची लावायची, आणि वर मलाच सांगायचं, या, रांगेत उभ्या राहा, तुमचा वाटा घेऊन जा.”

“ताई, तुझ्या पानावर चौदा कंपन्या माणसाच्या खांद्यावरून डोकावतात. मी मोजल्यात.” धाकट्याचा आवाज खाली आला. “बाबांना झटका आला तेव्हा आपण शेजाऱ्यांनासुद्धा चार दिवस सांगितलं नव्हतं. तुझं पान चौदा जणांना सांगतं. लगेच.”

आईला दोघांचंही पटलं होतं, आणि दोघांचंही पटल्यावर माणूस करतो तेच तिने केलं. भांडी उचलली.

बडबडीने मग दुसरे मार्गही करून पाहिले. चाकाच्या खुर्च्या विकणारा एक जण तयार झाला होता. एकच स्थिर पाटी, डोकावणं नाही, महिन्याचा ठरलेला हिशेब. बोलणी जुळत आली तेव्हा म्हणाला, तेवढं ‘खुर्ची’ या शब्दाखाली आमच्या खुर्चीचा फोटो लावा. बडबडी म्हणाली, “त्याच्या घरात चार पायांची खुर्ची आहे हो. ती बघून त्याला शब्द आठवायला हवा.” तो गेला. मग तिने स्वखुशीची पेटी ठेवली. लोकांनी दिलेही, पण माणूस बोलायला लागला की पानावर यायचा थांबायचा, आणि बडबडी म्हणायची, बरी झालेली माणसं परत येत नाहीत, यायलाही नकोत. शेवटी ती जाहिरातींवरच परतली आणि पानाच्या डोक्यावर चार ओळी लिहिल्या. हे पान जाहिरातींवर चालतं, तुम्ही त्या अडवत असाल तर एवढ्या पानापुरत्या चालू ठेवाल का.

त्या चार ओळी आईने वाचल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रोज तीनला ती ते पान उघडायची. खिडकीवर दाबायची, बाबांचा आवाज ऐकायची आणि चहा ठेवायची. तिच्या लक्षात आलं, की दोन वर्षं आपण रोज या पानावर येतोय आणि जाहिराती अडवल्यामुळे आता आपली कुठे नोंदच नाही. तिने धाकट्याला न विचारता त्याचा ब्राउझर काढून टाकला. जाहिराती दिसू लागल्या. आणि मग तिला तिचा शिक्का आठवला.

आई तीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर होती. तिथला नियम असा, की जे पुस्तक पाच वर्षांत कोणी नेलं नाही ते रद्दीत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असायचा. समिती यायची, कागद बघायची, आणि कोरी पुस्तकं बाजूला काढायची. आईला ते सोसायचं नाही. समिती यायच्या आधी ती चांगली चांगली पुस्तकं हुडकून स्वतःच्या नावावर चढवायची, तारखेचा शिक्का मारायची आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवायची. शेवाळांवरचा एक जाडजूड ग्रंथ तिने असा सहा वेळा वाचवला. ग्रंथपाल एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले होते, “बाई, तुम्हाला शेवाळाचा फारच नाद दिसतो.” त्यापलीकडे कोणी काही बोललं नाही. निवृत्तीच्या दिवशी ती जी एक गोष्ट अभिमानाने आठवत घरी आली, ती हीच.

जाहिरात उघडली की पानाला चार पैसे मिळतात, तेव्हा तिने पानावरच्या गादीच्या जाहिरातीवर दाबलं. मग बुटांवर. मग विम्यावर. एकेक जाहिरात उघडायची, क्षणभर थांबायचं, परत यायचं. अगदी शिक्क्यासारखंच.

एकटीने किती होणार? संध्याकाळी बागेत एका बाकावर पाच जणी जमायच्या, सगळ्या निवृत्त. आईने त्यांना शिकवलं. त्यातली एक जन्मभर नर्स होती, तिने लगेच शिस्त लावली. प्रत्येकीने रोज पाच, एका दमात नाही, जेवणानंतर. दुसऱ्या आठवड्यात एक जण कुरकुरली, की माझा फोन मला आता तरुण बाप्या समजायला लागलाय, सारखं दाढीचं सामान दाखवतो. नर्स म्हणाली, “घेऊन ठेव. वय वाढलं की उपयोगी पडेल.” बाक हसून हसून हलला. आईला वाटलं, किती दिवसांनी आपण काहीतरी कामाचं करतोय.

तीन आठवडे हे चाललं. बडबडीचा आवाज फोनवर उड्या मारत होता. या महिन्यात पानाला बरे दिवस आलेत, ती सांगायची. नात्यांचे शब्द घालणार होती आता, काका, सून, नात. आकडे घालणार होती. आई ऐकायची आणि तोंडातून एक शब्द काढायची नाही. सरप्राइज म्हणून नव्हे. शिक्का मारणाऱ्याने सांगायचं नसतं, एवढंच तिला माहीत होतं.

आणि मग कंपनीचं पत्र आलं. तुमच्या पानावरच्या जाहिरातींवर खोटे क्लिक झाल्याचं आढळलं आहे. खातं बंद. साठलेले पैसे जाहिरातदारांना परत. दाद मागायची असल्यास एकदाच मागता येईल, सात दिवसांत, नेमकं काय झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल ते लिहून.

त्या रात्री धाकट्याला गाठून आईने विचारलं, की यंत्राला कसं कळलं? तो उडालाच. आधी हसला, मग कपाळ धरून बसला. “आई, तुमच्या समितीला कागदावर शिक्का दिसायचा. यांना शिक्का मारणारा हातसुद्धा दिसतो.” मग म्हणाला, की तू आता गप्प बस. ताईला काही सांगू नकोस.

कारण बडबडीला दरम्यान तिचा गुन्हेगार सापडला होता. पानाच्या नोंदी बघताना तिला दिसलं, की एकाच घरातून दिवसाला साठ-साठ वेळा पान उघडलं जातंय. ते घर शिंपीकाकांचं. तीन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान, वर्षापूर्वी झटका आला, काकू आता एकट्या मशीन चालवतात. काकांचा हात थरथरतो. कपावर दाबायला जातात आणि बोट कोपऱ्यातल्या गादीवर पडतं. बडबडीने हिशेब लावला आणि तो जुळला. ती रागावली नाही, आजारी माणसावर तिला रागावता येतच नाही. तिने काकूंना अगदी हळुवार फोन केला, की थोडे दिवस काकांना पान देऊ नका. अर्जात हेच लिहायचं ठरवलं, की एका आजारी माणसाचा हात थरथरत होता आणि आता तो माणूस पानावर येणार नाही. लिहून झाल्यावर मात्र तिचं सगळं अवसान गळालं. ज्याच्यासाठी पान, त्यालाच बाहेर काढून पान वाचवायचं, तर कशाला वाचवायचं, असं काहीतरी ती परवा पुटपुटली होती. आणि काल तो शब्द. कंटाळा.

आज सकाळी आई एक पडदा घेऊन शिंपीकाकांच्या दुकानात गेली. पडद्याला काहीही झालेलं नव्हतं. काकू मशीनवर होत्या. काका दाराशी स्टुलावर, हात मांडीवर, समोर कोऱ्या भिंतीकडे बघत. त्यांचा फोन वर फळीवर ठेवला होता, रिळांच्या मागे. काकूंनी आईला पाहिलं आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या.

“आमच्यामुळे ताईंचं एवढं नुकसान झालं हो,” त्या म्हणाल्या. “मी लक्ष ठेवायला हवं होतं. आता नाही देत मी ह्यांना फोन. मागतात, पण नाही देत.”

नाही हो, असं नका म्हणू, असलं काहीबाही आई बोलली आणि पडदा तसाच घडी करू लागली. तेवढ्यात काकांनी तिच्याकडे बघून तोंड उघडलं. ओठ दोनदा नुसतेच हलले. त्यांनी डावा हात कष्टाने उचलला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, “चूक.”

काकू रडू लागल्या. हा शब्द काकांनी झटक्यानंतर पहिल्यांदाच उच्चारला होता. ‘पुढे चला’वर तो नाही. बडबडीने तो कधी घातलाच नव्हता. त्यांचा तो स्वतः शोधून काढलेला शब्द होता.

आई घरी आली आणि पडदा टेबलावर टाकून बसली. बडबडी आज सहा वाजता अर्ज पाठवणार होती. धाकट्याने सगळं नीट समजावलं होतं आईला. थरथरत्या हाताचं कारण चालण्यासारखं आहे, कदाचित खातं परत मिळेल. खरं सांगितलंस तर काय लिहिणार ताई? माझ्या आईने पाच बायकांची फौज उभी करून, वेळा लावून, तीन आठवडे हे केलं? ते कुठलाही माणूस माफ करणार नाही, मशीन तर नाहीच. म्हणजे खरं सांगितलं की पान गेलं. पानाबरोबर नात्यांचे शब्द गेले, आकडे गेले, खिडकी गेली. खोटं राहू दिलं, तर पान बहुतेक राहील, आणि शिंपीकाका स्टुलावर बसून राहतील, छातीवर हात ठेवून.

आणि राहिलं तरी काय राहणार होतं? पुन्हा तो कोपरा, पुन्हा ते मशीन, पुन्हा कुठलं तरी तेल. तिने हरतऱ्हेने उलटून पाहिलं. लायब्ररीतही पुस्तकं फुकट नव्हती, कोणीतरी कुठेतरी पैसे भरतच होतं. फक्त तो माणूस वाचणाऱ्याच्या खांद्यावरून बघत नव्हता. तसा माणूस आता कुठे मिळायचा, हे ना बडबडीला ठाऊक होतं, ना धाकट्याला, आणि तिला तर नाहीच नाही. तिला एवढंच ठाऊक होतं, की शेवाळाचा ग्रंथ वाचवला तेव्हा तो शिक्का तिने स्वतःच्या नावावर मारला होता. दुसऱ्या कुणाच्या नाही.

तीन वाजले. तिने पान उघडलं. कोपरा आता रिकामा होता, पांढरा. खिडकीवर दाबलं. आधी बडबडी, सावकाश, मग तोडून, मग अख्खी. मग बाबा.

चहा ठेवायला ती उठली नाही. बडबडी या वेळेला नोकरीवरून सुटून चालत आपल्या घरी जात असते, फोन हातातच असतो. ती रडेल, किंवा नुसती गप्प राहील, आणि ते जास्त वाईट. कदाचित पुढे कित्येक दिवस फोन यायचाच नाही. आईने गॅसवर काही नाही ना ते पाहिलं. आज दूध उतू जातंय म्हणायचं नाही, बोलणं कितीही लांबलं तरी नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं आणि बडबडीचा नंबर लावला.